अनपेक्षित खर्चाचा रकाना

ही हकिगत लिहावी की लिहू नये, या विचारात माझी नऊ-दहा वर्षं गेली. अनुभव देवीच्या कृपेचा आहे, पण तो सांगायचा तर आधी स्वतःबद्दल सांगावं लागतं, आणि तिथे माझी लेखणी अडते. दुसऱ्यांचे अनुभव मी आवडीने ऐकतो. कुणी संकटात हाक मारली आणि उत्तर आलं, कुणाला आडवाटेला वाट दाखवणारा भेटला. ही माणसं बहुधा साधीभोळी, निर्मळ मनाची असतात. मी तसा नव्हतो. माझ्यावर जी कृपा झाली ती मी तिच्या लायकीचा होतो म्हणून झाली नाही, हे आधीच सांगून टाकतो. म्हणजे पुढचं लिहायला जरा सोपं जाईल.

तेव्हा मी अमरावती जिल्ह्यात तिवस्याला नोकरीला होतो. रस्ते आणि पूल बांधणाऱ्या खात्याच्या तिथल्या लहानशा कचेरीत मी अंदाजपत्रकांचा कारकून. ओव्हरसियर मोजमापं आणून द्यायचे आणि मी त्यावरून दगड, चुना, मजुरी यांचे आकडे मांडायचो. नवे पैसे नुकतेच सुरू झाले होते. लोक अजून आण्यांत बोलत, मी मात्र सगळं रुपये आणि नव्या पैशांत लिहायचो आणि त्याचा मला फार ताठा होता. अमरावतीचे साहेब एकदा म्हणाले होते की तुमच्या कागदात काना-मात्रेची चूक सापडत नाही. ते वाक्य मी घरी शांताला, म्हणजे माझ्या बायकोला, इतक्या वेळा ऐकवलं होतं की मी साहेबांचं नाव काढलं की ती उठून चुलीकडे जायची.

शांताला दुसऱ्यांदा दिवस गेले तेव्हा साहजिकच मी त्याचंही अंदाजपत्रक केलं. पहिलं बाळंतपण माहेरी, दुसरं सासरी, ही आमच्याकडची रीत. थोरलीच्या वेळी शांता सातव्या महिन्यात अकोल्याला वडिलांकडे गेली. दोन महिन्यांनी सासऱ्यांचं कार्ड आलं, मुलगी झाली, मायलेकी सुखरूप आहेत, काळजी नसावी. मी कचेरीत पेढे वाटले. त्या बाळंतपणाला काय खर्च आला हे मी कधी विचारलं नाही आणि त्यांनी कधी सांगितलं नाही. जावयाला असले खर्च सांगत नाहीत. मी आपला समज करून घेतला की बाळंतपणाला फार काही लागत नाही, आणि त्याच समजुतीवर दुसऱ्याचे आकडे मांडले.

तो कागद आजही माझ्याजवळ आहे. डावीकडे बाबी, उजवीकडे रकमा, खाली दोन रेघा मारून बेरीज. डिंक, सुंठ, खोबरं, अळीव. दाईला पायलीभर जवारी आणि घरातलं एक जुनं लुगडं. बारशाचे पेढे, घुगऱ्या, शेजारणींना खण. मग एक मोठी रक्कम, चांदीचा पाळणा. या खेपेला मुलगा झाला तर अमरावतीच्या अंबेला चांदीचा पाळणा वाहीन असा मी नवस बोललो होतो, आणि वर्षभर बाजूला टाकलेल्या पैशांतून वीस तोळ्यांचा, हातावर मावेल एवढा पाळणा घडवूनही आणला होता. मुलगा होणारच असं मी धरून चाललो होतो. त्याखाली ‘डॉक्टरीणबाई, दरमहा तपासणी’ अशी एक ओळ आहे. ती शांताच्या सांगण्यावरून लिहिली होती आणि नंतर मी ती आडवी रेघ मारून खोडली. सगळ्यात शेवटी ‘किरकोळ व अनपेक्षित’. सरकारी अंदाजपत्रकात ही बाब असावीच लागते, नाही तर कागद परत येतो. म्हणून सवयीने तीही लिहिली. समोर लिहिलं ‘देवीची कृपा’ आणि रकमेच्या रकान्यात काढलं शून्य. तेव्हा मला ते फार भक्तीचं वाटलं होतं. शांताला दाखवलंसुद्धा.

गावात सुईणीचं काम भागाबाई करायची. पन्नाशीची, काटक, बोलायला फटकळ. तिच्या वस्तीने दोन वर्षांपूर्वी नागपूरला जाऊन बौद्ध धम्माची दीक्षा घेतली होती. सातव्या महिन्यात मी तिला बोलावणं धाडलं. ती आली, शांताला तपासून अंगणात आली, आणि मी तिला काय देणार ते सांगितलं. ती म्हणाली, “बाबूजी, आमी आता जुनं लुगडं घेत नाही. धान्यही नाही. पाच रुपये रोख द्या.” मी नाही म्हटलं आणि मला रागही आला. पाच रुपये फार होते म्हणून नव्हे. तिने सांगावं आणि मी ऐकावं, याची मला सवय नव्हती. तिला चहा दिला तो अंगणातल्या कोनाड्यात ठेवलेल्या कान तुटलेल्या कपात. तो कप तिच्यासारख्यांसाठीच वेगळा ठेवलेला असायचा. तिने चहा घेतला नाही. जाताना मात्र थांबून म्हणाली, “बाईच्या पायावर बोट दाबलं का खड्डा पडून राहिला. हे बरं नाही. अमरावतीले नेऊन डॉक्टरीणबाईले दाखवून आना.” मी मनात म्हटलं, पाच रुपयांवरून अडली आहे, आता घाबरवून बघते. कचेरीत ठेकेदार दर वाढवून घ्यायला असंच करायचे. माणसं ओळखण्याचा मला भारी गर्व होता.

शांतानेही एकदा विषय काढला. दुपारी जेवण झाल्यावर, थोरलीचे केस विंचरता विंचरता म्हणाली, “अकोल्याच्या डॉक्टरीणबाईनं सांगितलं होतं, का पुढच्या वेळी दर महिन्याले दाखवत जा. माहं डोकं लय दुखते.” मी म्हटलं, दिवस गेलेल्या बायकांचे पाय सुजतातच आणि उन्हाने डोकं कुणाचंही दुखतं. आणि वर हेही म्हणालो की देवीवर भरवसा ठेव. शेवटचं वाक्य मी कोणत्या आवाजात बोललो ते मला आठवतं. देवीचं नाव घेऊन मी तपासणीचे तीन रुपये वाचवत होतो. ती वेणी घालत राहिली.

माघ महिना होता. आमचं बिऱ्हाड नागपूरच्या सडकेला लागूनच होतं आणि घरापासून वीस-पंचवीस पावलांवर एका मोरीचं काम चालू होतं. सडकेखालून नाल्याचं पाणी जायला बांधतात ती मोरी. तिचंही अंदाजपत्रक माझंच. खणताना जमीन पाणथळ लागली, म्हणून एक जादा नळ टाकायचं ठरलं, आणि तेवढ्यासाठी त्या दिवशी सकाळी एसटी गेल्यावर सडक तास-दोन तास अगदी बंद ठेवली होती. धुळीने घर भरलं होतं. कचेरीत निघताना मी मुकादमाला दोन शब्द सुनावले, की नळ टाकायला आजचाच मुहूर्त मिळाला का.

अकराच्या सुमारास शेजारच्या ओव्हरसियरबाई कचेरीच्या दारात आल्या. त्यांना तिथे बघूनच मी उठलो. घरी आलो तर शांता स्वयंपाकघरात जमिनीवर पडलेली, दातखीळ बसलेली, हातपाय ताठ होऊन झटके देत होते. थोरली कोपऱ्यात परातीमागे उभी होती. अजून दिवस भरायला तीन आठवडे होते. मी काय केलं? काहीच नाही. देव्हाऱ्याकडे बघत उभा राहिलो. ओव्हरसियरबाईंनी आधीच भागाबाईला बोलावणं धाडलं होतं. मी पाच रुपयांना नाही म्हटलेली, मी रागावलेली भागाबाई पळत आली. तिने पदराच्या टोकाचा बोळा करून शांताच्या दातांत दिला, तिला कुशीवर वळवलं, आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, “हे माह्या हातचं काम नाही. आत्ता अमरावतीले न्या. आत्ता.” मला त्या वेळीही, देवाशप्पथ खरं सांगतो, भाड्याचा विचार आला. एसटी दहालाच निघून गेली होती.

मी सडकेवर धावलो. सडक बंद, म्हणून दोन्ही बाजूंना गाड्या उभ्या होत्या. अमरावतीच्या तोंडाने उभा असलेला एकच ट्रक होता. नागपूरला संत्री उतरवून रिकामा परत चाललेला, आणि तो अगदी आमच्या दारासमोर थांबलेला. एरवी त्या सडकेने ट्रक धुरळा उडवत निघून जायचे, कुणासाठी उभे राहायचे नाहीत. ड्रायव्हर बडनेऱ्याचा एक मुसलमान गृहस्थ होता, दाढी पांढरी, स्टिअरिंगवर डोकं टेकून डुलक्या घेत होता. मी धड बोलूही शकलो नाही, घराकडे नुसतं बोट दाखवलं. तो खाली उतरला, आत जाऊन बघून आला आणि म्हणाला, “समोर घ्या बाईले, भाऊ. मांगं धक्के लागतीन.” मग मोरीवर जाऊन त्याने मुकादमाला काय सांगितलं कोण जाणे, गड्यांनी नळ बाजूला सरकवून खड्ड्यावर फळ्या टाकल्या आणि पाच मिनिटांत ट्रक पलीकडे गेला.

निघताना मी देव्हाऱ्याखालचा डबा तसाच्या तसा पिशवीत टाकला. त्यात अठरा रुपये होते आणि लाल फडक्यात गुंडाळलेला तो पाळणा. थोरलीला ओव्हरसियरबाईंनी ठेवून घेतलं. शांता पुढे, तिचं डोकं भागाबाईच्या मांडीवर. मी मागे, संत्र्यांच्या रिकाम्या पेट्यांत. त्या दीड तासात मला जे कळायचं ते कळलं. जादा नळाचे पैसे मोरीच्या अंदाजपत्रकातल्या ‘अनपेक्षित’ या तरतुदीतूनच निघाले होते. ती तरतूद मी स्वतः केली होती. नाल्यावरच्या मोरीसाठी केली होती, आणि माझ्या बायकोसाठी केली नव्हती. त्या तरतुदीमुळे सडक बंद होती, सडक बंद म्हणून ट्रक माझ्या दारात थांबला होता. याला योगायोग म्हणावं की आणखी काही, हे मी अजून ठरवलेलं नाही आणि ठरवणारही नाही. पण पेट्यांत बसून मला वर बघायची लाज वाटत होती. जिच्या चहाचा कप मी अंगणात ठेवला, तिच्या मांडीवर माझ्या बायकोचं डोकं होतं. अमरावती आली, ड्रायव्हरने दवाखान्याच्या दारात ट्रक लावला, शांताला उचलून आत न्यायला हात दिला. पैशाचं तो काही बोलला नाही. मीही विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर द्यावे लागले असते.

बायकांच्या दवाखान्यात तिला लगेच आत घेतलं. थोड्या वेळाने डॉक्टरीणबाई बाहेर आल्या आणि त्यांनी चिठ्ठी दिली. ही इंजेक्शनं आणि हे औषध बाजारातून आणा, उशीर करू नका, दोन्ही जीव धोक्यात आहेत. दुकानदाराने चिठ्ठी वाचून बेचाळीस रुपये काही पैसे सांगितले. माझ्याजवळ अठरा होते आणि पाळणा होता. सराफा तिथून दहा मिनिटांच्या वाटेवर. कुणीही दुसरा असता तर धावत गेला असता. मी दुकानाच्या पायरीवर उभा राहिलो. पाळणा देवीचा होता. नवसाची वस्तू मोडली आणि देवी कोपली तर? शांता वाचेल का? असा विचार मी त्या उन्हात पुन्हा पुन्हा करत राहिलो. शेवटी पाय सराफ्याकडे न जाता देवळाकडे वळले.

देवळात परवानगी मागायला गेलो असं मी नंतर स्वतःला सांगत असे. ते खरं नाही. मी घासाघीस करायला गेलो होतो. हा पाळणा आता मोडू दे, पुढच्या वर्षी पंचवीस तोळ्यांचा वाहीन, असं काहीतरी माझ्या डोक्यात चाललं होतं. गेलो तर नैवेद्य होऊन गाभाऱ्याचं दार लावलेलं. बाहेर कुणी नव्हतं. मी उंबऱ्याशी बसलो, डबा मांडीवर, डोळे मिटून आकडे वाढवत होतो. पंचवीसचे तीस तोळे झाले.

पायऱ्यांवर खण-नारळाची टोपली घेऊन एक म्हातारी बसली होती. ती माझ्याकडे बघत असावी. म्हणाली, “काहून रे बाबा, कोन बिमार हाय घरी?”

मी सांगितलं, बायको, दवाखान्यात आहे.

“मंग तू इथं कायले बसून राहिला?” ती म्हणाली. “दार लावलं हाये. आई तिकडंच गेली असन.”

नारळाचा भाव सांगावा तशा आवाजात तिने हे सांगितलं आणि पुन्हा आपली फुलं नीट लावू लागली. मी काय घेऊन कुणाच्या दारात बसलो होतो ते मला एकदम दिसलं. उठलो आणि सराफ्याकडे पळत सुटलो. वहाणा देवळातच राहिल्या.

सोनाराने पाळणा हातात घेऊन उलटासुलटा केला आणि म्हणाला, “नवसाचा दिसते. नवसाची वस्तू आमी मोडत नाही.” मी म्हटलं, नवसाचा नाही, घरातलाच आहे. देवीच्या गावात, देवीच्या वस्तूबद्दल मी खोटं बोललो. आयुष्यात मी बोललेल्या सगळ्या खोट्यांत तेवढं एकच मला परत घ्यावंसं वाटत नाही. त्याने वजन केलं, घडणावळ कापली, चाळीसच्या वर काही रुपये दिले. औषध घेऊन दवाखान्यात पोचलो तेव्हा भागाबाई दारात उभी होती. दोन वेळा आतून विचारून गेले होते. तिने पुडकं हातातून ओढून घेतलं, आत दिलं, आणि परत येऊन मला म्हणाली, “कुठं गेले होते बाबूजी?”

मी म्हटलं, देवळात.

“मले वाटलं औषध आनाले गेले,” ती म्हणाली. मला आजवर कुणी चार लोकांत थोबाडीत मारली असती तरी एवढं लागलं नसतं.

ऊन उतरायच्या आत बाळ झालं. नर्सबाई दारात येऊन म्हणाल्या, मुलगी आहे, लहान आहे पण रडली; बाई मात्र अजून शुद्धीवर नाही. आता यापुढचं वाक्य लिहायचं म्हणूनच ही हकिगत इतकी वर्षं अडली होती. ‘मुलगी’ हा शब्द ऐकला आणि माझ्या मनात पहिला विचार आला तो हा, की नवस मुलासाठी होता, मुलगा झाला नाही, म्हणजे पाळणा देवीला देणं लागतच नव्हता, मोडला तरी हरकत नाही. आत बायको बेशुद्ध होती आणि मी देवीचा हिशोब मिटवत होतो. हा विचार पुरता डोळ्यांपुढून जायच्या आधीच मला माझी अशी शिसारी आली की मी बाकावर बसून उपरण्यात तोंड खुपसलं. किती वेळ गेला सांगता येत नाही. भागाबाई शेजारी जमिनीवर बसली होती. मी तिला म्हटलं, बाकावर बस. ती म्हणाली, मी बरी हाय इथं.

त्या बाकावर माझ्याजवळ देवीला द्यायला काही उरलं नव्हतं. पाळणा गेला होता, त्याचे पैसे औषधात गेले होते, आपण बरे आहोत हा समजही गेला होता. पुढे वाहीन म्हणायला तोंड नव्हतं. ती वाचावी एवढंच होतं, आणि त्याच्या बदल्यात काहीही नव्हतं. लहानपणापासून मी रोज पूजा केली, स्तोत्रं म्हटली, पण हात रिकामे करून देवीसमोर मी त्या दिवशी पहिल्यांदा बसलो, आणि तिथे देवीची तसबीरसुद्धा नव्हती. समोर फिनेलच्या वासाची भिंत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी शांताने डोळे उघडले. मला बघून थोडा वेळ ओळखच पटली नसावी. मग विचारलं, “थोरलीले जेवाले कोनी देलं?” मला रडू फुटलं, आणि ते तिला चमत्कारिक वाटलं असणार, कारण मला रडताना तिने कधी पाहिलं नव्हतं.

माझी तार मिळताच सासरे अकोल्याहून गाडीने बडनेऱ्याला उतरून आले. शांताला बघून बाहेर आले आणि व्हरांड्यात माझ्यापुढे हात जोडून उभे राहिले. “माही चूक झाली, जवाईबापू,” ते म्हणाले. “मागच्या वेळीही हेच झालं होतं. झटका आला नाही, पण आठ दिवस दवाखान्यात ठेवलं होतं. तिलेही म्या सांगून ठेवलं, का सासरी बोलू नको. तुमाले काय वाटन, पोरगी बिमार देली म्हनतीन.” मी त्यांचे हात धरले. मी त्यांना काय सांगणार होतो? त्यांनी सांगितलं नाही हे खरं, पण शांताने अर्धं सांगितलं होतं, भागाबाईने पुरतं सांगितलं होतं. दोघींना मी ओळखलं होतं असं मला वाटलं होतं. मी त्यांना एवढंच म्हटलं, मामा, चूक तुमची नाही. खोडलेल्या ओळीबद्दल सांगायचं धैर्य त्या दिवशी झालं नाही. पुढच्या दिवाळीला अकोल्याला गेलो तेव्हा सांगितलं. ते सुपारी कातरता कातरता म्हणाले, “पोरगी वाचली ना.”

पंधरा दिवसांनी शांता दवाखान्यातून सुटली तेव्हा मी त्या म्हातारीच्या शोधात देवळाकडे गेलो. मनाच्या एका कोपऱ्यात वाटत होतं, ती भेटणार नाही. अशा गोष्टींत ती माणसं पुन्हा भेटत नसतात. ती त्याच पायरीवर बसलेली होती. मी तिच्या पाया पडलो तर तिने पाय मागे घेतले. मला ती मुळीच ओळखत नव्हती. मी सगळं सांगितलं, तेव्हा म्हणाली, “असन बाबा. दुपारी दार लावलं का लोक इथं डोकं धरून बसते. मी साऱ्यांलेच तसं म्हनतो.” आणि विचारलं, नारळ घेतोस का. मी नारळ घेतला. ती रोज साऱ्यांना तसं म्हणते, हे कळल्यावर माझी श्रद्धा कमी व्हायला हवी होती असं काही मित्रांना वाटतं. मला उलट वाटतं. देवीचं उत्तर तिथे रोजच दिलं जात होतं. मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं, इतकंच. बडनेऱ्याचा ड्रायव्हर मात्र मला पुन्हा सापडला नाही. दोनदा स्टेशनाजवळ ट्रकवाल्यांत विचारून आलो. त्याचं नावसुद्धा मी त्या दिवशी विचारलं नव्हतं.

घरी आल्यावर भागाबाई बाळाला बघायला आली. मी नवं लुगडं आणून ठेवलं होतं. ती म्हणाली, “लुगडं नको. पाच रुपये म्हटले होते ते द्या.” तिने पैसे घेतले आणि कनवटीला लावले. चहा मी स्वतः केला, घरातल्या कपात ओतून तिला ओटीवर बसायला पाट दिला. माझी अशी अपेक्षा होती की तिला काहीतरी वाटेल, ती काहीतरी बोलेल. तिने एक घोट घेतला आणि म्हणाली, “साखर कमी पडली.” शांता आतून हसली. दुखण्यानंतर ती पहिल्यांदाच हसत होती. अंगणातला तो कान तुटलेला कप मी उचलून नाल्यात फेकला, पण तेवढ्याने माझं मोठेपण सिद्ध होतं असं नाही. तो कप इतकी वर्षं तिथे होता आणि तो मीच ठेवलेला होता.

आमची धाकटी आता तिसरीत आहे. थोरलीशी भांडते, पाढे विसरते, आणि मी गुण देतो म्हणून माझ्याकडे शाळेच्या पाट्या घेऊन येते. पाळणा पुन्हा घडवून देवीला वाहावा असं मी एकदा शांताला म्हणालो होतो. ती म्हणाली, “देवीनं तो घेतला ना. कुठं लावला ते माहीत हाय मले. दुसरा कायले?” शरण जाणं म्हणजे आपल्या वाटणीचं काम देवीच्या नावावर टाकून मोकळं होणं नव्हे, हे मला कळायला दोन जीव पणाला लागले. जे घट्ट धरून बसलो होतो ते हातातून सुटलं तेव्हाच देवीने मला जवळ केलं असावं. असावं म्हणतो, कारण याहून जास्त ठासून बोलायचा मला अधिकार नाही.

तो अंदाजपत्रकाचा कागद मी फाडून टाकणार होतो. शांताने तो माझ्या टेबलावरून कधीच उचलला होता. घरी आल्यावर आठवडाभराने पूजेला बसलो तर तो घडी करून देवीच्या टाकाखाली ठेवलेला दिसला. दर शुक्रवारी देव्हारा पुसताना मी तो काढतो, उघडून वाचतो आणि परत ठेवतो. माफी मात्र मी शांताची कधी मागितली नव्हती. मागायला तोंड उघडलं की दुसरंच काही बोलून जायचो.

गेल्या शुक्रवारी ती गहू निवडत बसली होती. म्हणाली, “दर शुक्रवारी काय वाचता एवढं?”

मी म्हटलं, “माझं चुकलं होतं, शांता.”

ती गव्हातला खडा काढत म्हणाली, “मंग दुरुस्त करा. पेन्सिल तिथं थोरलीच्या दप्तरात हाय.”

मी पेन्सिल आणली. ‘देवीची कृपा’ याच्यापुढचं शून्य खोडलं. त्या जागी काय लिहावं, याचा विचार करत मी बराच वेळ बसलो. मग कागद तसाच घडी करून टाकाखाली ठेवला. तो रकाना अजून रिकामा आहे.